डोळ्याच्या पडद्याच्या ट्रायलमध्ये नाव देण्यापूर्वी: नाशिकच्या रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी

पडद्याच्या (रेटिनाच्या) डॉक्टरांकडे तपासणीला गेलेल्या रुग्णाच्या डोळ्यांत थेंब घातलेले असतात, बाहुली मोठी झालेली असते, जवळचे अक्षर दिसत नाही, आणि नेमके अशाच वेळी ‘एका नव्या औषधाची ट्रायल सुरू आहे, तुमचा डोळा त्यात बसतो, विचार करून पाहा’ असे त्याला सांगितले जाते. हातात पंधरा-वीस पानांचे माहितीपत्रक येते. त्या दिवशी करायची गोष्ट एकच आहे. कागद घरी न्यावेत आणि सही करू नये. घरी नेऊन वाचण्याला आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवण्याला कोणी हरकत घेत असेल, तर त्या ट्रायलबद्दल पुढे काहीही ऐकून घेण्याची गरज नाही.

माझ्या आत्याला मधुमेहामुळे पडद्याला सूज आली, तेव्हा तिच्याबरोबर निफाडहून नाशिकला येणे-जाणे माझ्याकडे होते. तिलाही असेच कागद मिळाले, आणि ‘एवढं शिकलेले डॉक्टर सांगतात तर करून टाकू’ असे ती म्हणाली. त्या कागदांशी झगडताना जे उमगले, ते येथे लिहीत आहे. कोणी ट्रायलला जावे किंवा जाऊ नये, हे ठरवण्याचा अधिकार लेखकाला नाही. मात्र ज्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपला डोळा वापरला जाणार आहे, तो प्रश्न आपल्याला आपल्या शब्दांत सांगता येत नाही तोवर सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी प्रश्न समजून घ्यावा

नेहमीच्या उपचारात डॉक्टर आपल्या डोळ्याकडे पाहून निर्णय घेतात. ट्रायलमध्ये बरेच निर्णय आधीच लिहून ठेवलेल्या आराखड्यानुसार होतात, कारण तेथे एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर सर्वांकडून सारख्याच पद्धतीने गोळा करायचे असते. नवे औषध जुन्यापेक्षा चांगले आहे का, तेवढेच चांगले पण स्वस्त आहे का, महिन्याऐवजी तीन-चार महिन्यांनी इंजेक्शन दिले तर चालते का, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकात रुग्णाच्या वाट्याला येणारे धोके व लाभही वेगळे आहेत.

स्वस्त औषधाचा प्रश्न आपल्याकडे विशेष जिव्हाळ्याचा आहे. बेव्हासिझुमॅब हे मुळात कर्करोगासाठी तयार झालेले औषध पडद्याच्या आजारांत अल्प खर्चात वापरले जात होते, आणि रॅनिबिझुमॅब हे खास डोळ्यासाठी बनवलेले औषध त्याच्या कितीतरी पट महाग होते. वयोमानामुळे पीतबिंदूची (पडद्याच्या मध्यभागी असलेल्या, बारीक पाहण्याच्या जागेची) झीज होऊन त्यात रक्तवाहिन्या गळू लागतात, अशा आजारात या दोन औषधांची तुलना अमेरिकेतील सरकारी मदतीने झालेल्या ‘कॅट’ या ट्रायलमध्ये झाली, आणि २०११ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षअखेरीस दोन्ही गटांची दृष्टी जवळपास सारखीच निघाली. मधुमेही सुजेबाबतच्या एका ट्रायलमध्ये ६६० रुग्ण होते. २०१५ मध्ये आलेल्या तिच्या पहिल्या वर्षाच्या निष्कर्षांनुसार, सुरुवातीची दृष्टी थोडीच कमी असेल तर बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट ही तिन्ही प्रचलित औषधे सारखी ठरली, मात्र दृष्टी ६/१५ किंवा त्याहून कमी असेल तेव्हा अफ्लिबरसेप्ट सरस ठरले. आज आपले डॉक्टर कोणते इंजेक्शन कोणाला द्यायचे हे ठरवतात, त्यामागे अशाच अनोळखी माणसांनी ट्रायलच्या केंद्रांना दिलेल्या भेटी आहेत.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कोरड्या प्रकारच्या पीतबिंदू झिजेवरचे लॅम्पॅलिझुमॅब हे औषध दुसऱ्या टप्प्यात आशादायक वाटले, पण २०१७ मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या दोन मोठ्या ट्रायलमध्ये त्याचा उपयोग दिसला नाही, आणि तोपर्यंत कित्येक वृद्धांनी महिनोन्‌महिने डोळ्यात सुया टोचून घेतल्या होत्या. ब्रोल्युसिझुमॅबला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी काही रुग्णांच्या पडद्याच्या रक्तवाहिन्यांना दाह झाल्याच्या तक्रारी समोर आल्या.

म्हणून ‘ही ट्रायल कितव्या टप्प्याची आहे?’ हा पहिला प्रश्न विचारावा. पहिल्या टप्प्यात औषध सुरक्षित आहे का हे पाहिले जाते, दुसऱ्यात मात्रा आणि परिणामाचा अंदाज घेतला जातो, तिसऱ्यात मोठ्या संख्येने तुलना होते, आणि चौथा टप्पा औषध बाजारात आल्यानंतरचा असतो. आपल्या परिसरात याखेरीज आणखी एक प्रकार वारंवार भेटतो. वैद्यकीय महाविद्यालयातील पदव्युत्तर विद्यार्थी आपल्या प्रबंधासाठी रुग्णांच्या ओसीटी स्कॅनची (पडद्याचे थर आणि जाडी दाखवणाऱ्या तपासणीची) किंवा रक्ततपासणीची माहिती मागतात. त्यातही संमती घेतली जाते, परंतु बहुतेक वेळा नवे औषध दिले जात नाही, त्यामुळे त्याची आणि औषधाच्या ट्रायलची गल्लत करू नये.

ट्रायल शोधणे आणि पडताळणे

भारतात होणाऱ्या ट्रायलची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’, म्हणजे सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अखत्यारीतील ही नोंदवही जुलै २००७ पासून सुरू आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिल्या रुग्णाला सामील करून घेण्याआधीच नोंदणी झालेली असावी लागते. तिच्या संकेतस्थळावर शोध घेण्यासाठी पैसे किंवा खाते लागत नाही. मजकूर इंग्रजीत असल्यामुळे घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलीला बरोबर बसवावे आणि आजाराचे इंग्रजी नाव टाकून शोधावे.

माहितीपत्रकावर सीटीआरआय क्रमांक असेल तर थेट त्या क्रमांकाची नोंद उघडावी. तेथे ट्रायल कोणत्या शहरांत आणि कोणत्या केंद्रांवर चालू आहे, भरती सुरू आहे की थांबली आहे, नीतिमत्ता समितीची (रुग्णांचे हक्क आणि सुरक्षितता पाहणाऱ्या समितीची) मान्यता आहे का, नव्या औषधासाठी भारताच्या औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली आहे का, प्रायोजक कोण आहे आणि चौकशी कोणाकडे करायची, हे सारे दिलेले असते. हातातील कागदावर छापलेल्या केंद्राचे आणि मुख्य संशोधकाचे नाव त्या नोंदीत सापडले पाहिजे. नोंदणीची तारीख आणि पहिल्या रुग्णाच्या भरतीची तारीख ताडून पाहायलाही विसरू नये.

नाशिकमध्ये पडद्याचे तज्ज्ञ आणि ओसीटीची सोय असली, तरी आपल्या आजाराची ट्रायल येथे मिळेलच असे नाही. अनेकदा केंद्र मुंबईत किंवा पुण्यात असते, आणि जनुकीय आजारांच्या बाबतीत हैदराबाद, चेन्नई, मदुराई किंवा दिल्लीच्या मोठ्या नेत्रसंस्थांकडे पाहावे लागते.

रातांधळेपणापासून सुरू होऊन हळूहळू दृष्टीचे वर्तुळ आकसत नेणारा रेटिनायटिस पिगमेन्टोसा हा आजार ज्यांच्या घरात आहे, त्यांच्यासाठी येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. या आजाराला कारणीभूत होणारी जनुके अनेक डझन आहेत, आणि जनुकोपचाराची, म्हणजे सदोष जनुकाची चांगली प्रत डोळ्यात सोडण्याच्या उपचाराची, ट्रायल बहुधा त्यांपैकी एकाच जनुकासाठी असते. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला पहिला असा उपचार आरपीई-६५ या जनुकात दोष असणाऱ्यांपुरताच आहे. त्यामुळे आपला दोष कोणत्या जनुकात आहे हे कळल्याखेरीज ‘आमच्यासाठी काही ट्रायल आहे का’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. जनुकीय तपासणी, समुपदेशन आणि तीन पिढ्यांची वंशावळ ही पहिली पायरी समजावी. आते-मामे भावंडांच्या लग्नाची चाल आपल्याकडे आहे, आणि वंशावळ सांगताना हा तपशील संकोचाने गाळला जातो. तो गाळू नये, कारण दोन्ही पालकांकडून सारखाच दोष येण्याची शक्यता अशा लग्नांत वाढते आणि निदानाला त्याची मदत होते.

आता एक इशारा, आणि तो मी जाणूनबुजून कडक शब्दांत देत आहे. ‘स्टेम सेल इंजेक्शन, इतके लाख, दृष्टी परत’ अशी जाहिरात ट्रायलच्या नावाखाली पोहोचली तर दूर राहावे. भारताच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांखेरीज स्टेम सेलचा, म्हणजे मूळ पेशींचा, वापर केवळ मान्यताप्राप्त ट्रायलमध्येच करता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. अमेरिकेत फ्लोरिडामधील एका क्लिनिकमध्ये पीतबिंदूची झीज असलेल्या तीन महिलांनी प्रत्येकी ५,००० डॉलर भरून स्वतःच्या चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचून घेतल्या आणि तिघींचीही दृष्टी जवळजवळ गेली. हे प्रकरण २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांतील काहींना आपण ट्रायलमध्ये आहोत असेच वाटत होते. पैसे मागणे आणि दोन्ही डोळे एकदम करणे, या दोन खुणा लक्षात ठेवल्या तरी पुष्कळ आहे.

डोळा ‘बसतो’ म्हणजे काय

प्रत्येक ट्रायलचे निकष ठरलेले असतात. वय, दृष्टी किती अक्षरांची, पडद्याची जाडी किती मायक्रॉन, तीन महिन्यांची सरासरी साखर किती, रक्तदाब आटोक्यात आहे का, अलीकडे हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेला आहे का, त्या डोळ्यात आधी इंजेक्शन किंवा लेझर झाले आहे का, मोतीबिंदू इतका दाट आहे का की आतला पडदाच दिसत नाही, हे सारे पाहिले जाते. अपात्र ठरणे हा अपमान नाही, आणि निकषात बसावे म्हणून जुने इंजेक्शन किंवा चालू औषध लपवणे हा स्वतःच्याच डोळ्याशी केलेला दगा आहे. वैद्यांचे चूर्ण, काढा, बाजारातील डोळ्यांचे थेंब, हेही सांगावेच.

बहुतेक ट्रायलमध्ये एकच डोळा ‘अभ्यासाचा डोळा’ असतो. दुसऱ्या डोळ्यावर उपचार कोण करणार, त्याचा खर्च कोणाचा, हे आधी विचारावे, कारण मधुमेह दोन्ही डोळ्यांना सोडत नाही. काही ट्रायलमध्ये ‘आधी एकही इंजेक्शन न घेतलेला डोळा’ हवा असतो. म्हणून ट्रायलच्या आशेने ठरलेले इंजेक्शन पुढे ढकलण्याचा मोह होतो. असे कधीही करू नये. पीतबिंदूखाली रक्तस्राव सुरू झाला असेल तर काही आठवड्यांचा उशीरही भरून न येणारा ठरतो.

दृष्टी मोजण्यासाठी नेहमीच्या भिंतीवरच्या तक्त्याऐवजी ट्रायलमध्ये ईटीडीआरएस तक्ता वापरतात. एका ओळीत पाच इंग्रजी अक्षरे असतात, आणि १५ अक्षरे, म्हणजे तीन ओळी, वाढणे किंवा घटणे हा मोठा फरक मानला जातो. आत्याला इंग्रजी अक्षरे ओळखता येत नव्हती, ही गोष्ट तिने लाजेपोटी पहिल्या भेटीत सांगितली नाही, आणि चष्म्याचा नंबर काढणाऱ्यांना तिची दृष्टी आहे त्याहून कमी वाटली. इंग्रजी येत नसेल तर तसे सुरुवातीलाच सांगावे आणि दुसरा तक्ता आहे का ते विचारावे.

संमतीपत्र

भारतात नव्या औषधांच्या ट्रायल ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९’ यांखाली चालतात. माहितीपत्रक आणि संमतीपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे, म्हणजे आपल्याकडे मराठीत, आणि सही झाल्यावर दोन्हींची प्रत रुग्णाला मिळाली पाहिजे. पडद्याच्या रुग्णाची अडचण अशी की कागद मराठीत असूनही त्याला वाचता येत नाही. बारीक अक्षरांतील अठरा पाने आत्यासाठी कोरी असल्यासारखीच होती. अशा वेळी मोठ्या अक्षरांतील प्रत मागावी, आणि संपूर्ण मजकूर मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे. ज्याला वाचता येत नाही त्याच्या संमतीच्या संपूर्ण चर्चेच्या वेळी निःपक्षपाती साक्षीदार हजर असावा लागतो आणि त्याचीही सही लागते. हा साक्षीदार ट्रायलच्या कर्मचाऱ्यांपैकी नसावा. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते आणि समजत्या वयाच्या मुलाची स्वतःची तयारीही विचारली जाते.

वाचताना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट ठरणार आहे का, ते पाहावे. कोणता गट मिळेल हे डॉक्टरांच्याही हाती नसते. तुलनेच्या गटाला प्रचलित उपचार मिळणार आहे, की काहीच नाही, हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. डोळ्याच्या ट्रायलमध्ये ‘शॅम’ इंजेक्शन असू शकते. त्यात सुई नसलेली सिरिंज डोळ्यावर नुसती दाबतात, जेणेकरून आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णाला कळू नये. (इतर विषयांत याला ‘ब्लाइंड’ ट्रायल म्हणतात. नेत्रतज्ज्ञ मात्र तो शब्द टाळून ‘मास्क्ड’ म्हणतात, आणि त्यामागची जाणीव मला आवडली.) प्रभावी उपचार उपलब्ध असलेल्या आजारात एखाद्या गटाला केवळ शॅम मिळणार असेल, तर दृष्टी खालावल्यास ‘बचावाचे’ इंजेक्शन किती अक्षरे गेल्यावर देणार, हे लेखी कोठे आहे ते दाखवायला सांगावे.

याशिवाय एकूण भेटी किती, रक्त किती वेळा काढणार, डोळ्यातील द्रवाचा किंवा रक्ताचा नमुना पुढील संशोधनासाठी ठेवणार का, माहिती परदेशी जाणार का, हेही पाहावे. गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांनी त्याबद्दलचा भाग वेगळा वाचावा. नीतिमत्ता समितीचा दूरध्वनी क्रमांक माहितीपत्रकावर असतो. या समितीत किमान सात सदस्य असावे लागतात, त्यांत कायद्याचा जाणकार, सामान्य नागरिक आणि किमान एक महिला असते, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेशी संबंध नसलेले असावे लागतात. तेथे रुग्णाने थेट फोन करायला कोणाची परवानगी लागत नाही.

भेटींचे गणित

वर्ष-दोन वर्षे दर महिन्याला भेट, ठरलेल्या तारखेच्या मागेपुढे काही दिवसांचीच मुभा, हे कागदावर सोपे दिसते. द्राक्षबागायतदाराने ऑक्टोबर छाटणी आणि जानेवारीनंतरची काढणी डोळ्यांसमोर ठेवूनच होकार द्यावा. २०२७ च्या सिंहस्थात शाही पर्वण्यांच्या आसपास शहरात ये-जा कशी होईल याचाही विचार करून तारखा आधी बोलून घ्याव्यात. केंद्र मुंबईत असेल तर सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन त्याच दिवशी परतणे शक्य असते, परंतु थेंबांमुळे काही तास स्पष्ट दिसत नाही, त्यामुळे एकट्याने जाऊ नये. नाशिकमध्येच तपासणी असली तरी स्वतः दुचाकी चालवत परत येऊ नये.

रंगद्रव्य टोचून पडद्याचे फोटो काढतात त्या दिवशी लघवी गडद पिवळी-केशरी होते आणि त्वचाही पिवळसर दिसते. घरी कावीळ झाली म्हणून धावपळ होऊ नये, यासाठी सर्वांना आधी सांगून ठेवावे. अंगावर पित्त उठले किंवा श्वास लागला तर मात्र लगेच सांगावे.

घाटाबद्दलची एक सूचना फक्त आपल्यालाच लागू पडते. पडद्याच्या काही शस्त्रक्रियांत, आणि जनुकोपचार पडद्याखाली सोडतानाही, डोळ्यात हवा किंवा वायूचा बुडबुडा ठेवला जातो. उंचीवर गेल्यास तो फुगतो आणि डोळ्याचा दाब धोकादायकरीत्या वाढू शकतो. मुंबई समुद्रसपाटीला आहे आणि नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर. म्हणून मुंबईत अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर ‘कसारा घाट चढून कधी जाऊ?’ हे विचारल्याशिवाय गाडीत बसू नये. डॉक्टरांच्या मनात विमानप्रवास असतो, घाट नेहमीच असतो असे नाही.

पैसा, इजा आणि भरपाई

ट्रायलचे औषध आणि त्यासाठीच्या तपासण्या यांचे पैसे रुग्णाने द्यायचे नसतात. प्रवासखर्च मिळणार का, सोबतच्या माणसाचाही मिळणार का, रोख की खात्यात, हे माहितीपत्रकात लिहिलेले असावे. तिकिटे जपून ठेवावीत. आपला आरोग्य विमा प्रायोगिक उपचारांतून उद्भवलेला खर्च देतो का, हे विमा कंपनीला लेखी विचारावे. सामान्यतः अशा उपचारांना विम्यात वगळलेले असते.

डोळ्यातील इंजेक्शननंतर आत जंतुसंसर्ग होणे दुर्मीळ आहे, परंतु झाला तर काही तासांचाही प्रश्न असतो. इंजेक्शननंतरच्या दिवसांत दुखणे वाढत जाणे, डोळा लाल होणे, उजेड सहन न होणे, दृष्टी अंधूक होणे, चमका दिसणे किंवा एका बाजूने काळा पडदा सरकल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. चोवीस तास चालणारा क्रमांक घरातील दोघांच्या मोबाइलमध्ये असावा, आणि केंद्र परगावी असेल तर रात्री नाशिकमध्ये कोणत्या डॉक्टरांकडे जायचे हे पहिल्याच भेटीत लिहून घ्यावे.

ट्रायलदरम्यान इजा झाल्यास, ती ट्रायलमुळे झालेली नाही हे सिद्ध होईपर्यंत किंवा गरज असेपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवर, मोफत वैद्यकीय उपचार देणे नियमांनुसार बंधनकारक आहे. गंभीर घटना घडल्यास संशोधकाने ती २४ तासांच्या आत कळवायची असते. इजा ट्रायलमुळे झाल्याचे ठरल्यास भरपाईची रक्कम औषध महानियंत्रक ठरवतात आणि आदेशानंतर ३० दिवसांत ती प्रायोजकाने द्यायची असते. आपली बाजू भक्कम राहावी म्हणून त्रास सुरू झाल्याची तारीख, वेळ आणि कोणाला फोन केला, हे वहीत टिपावे. आत्याची वही म्हणजे किराणा दुकानातील एक जुनी डायरी होती, आणि तिचा उपयोग डॉक्टरांच्या संगणकापेक्षा कमी झाला नाही.

मध्येच थांबणे आणि नंतरचे दिवस

कोणत्याही क्षणी, कारण न देता, ट्रायल सोडता येते आणि त्यामुळे नेहमीचा उपचार नाकारता येत नाही. तरीही फोन उचलणे बंद करून सोडू नये. डोळ्यात आधीच गेलेले औषध आपल्या जाण्याने बाहेर येत नाही, त्यामुळे शेवटची सुरक्षितता तपासणी करून घ्यावी. जनुकोपचारासारख्या एकदाच दिल्या जाणाऱ्या उपचारानंतरची देखरेख अनेक वर्षे चालते, आणि एकदा तो घेतल्यावर पुढे येणाऱ्या दुसऱ्या ट्रायलमधून आपण वगळले जाऊ शकतो, हेही आधी तोलून पाहावे.

ट्रायल संपताना चार गोष्टी मागून घ्याव्यात: सर्व ओसीटी आणि फोटोंची प्रत, दृष्टीच्या नोंदी, आपण कोणत्या गटात होतो हे केव्हा कळेल त्याची माहिती, आणि औषध लागू पडले असेल तर ते पुढे मिळण्याची काही सोय आहे का याचे लेखी उत्तर. ट्रायलमध्ये भेटींची आठवण करून देणारा समन्वयक असतो. ती संपली की आठवण करणारे कोणी उरत नाही, आणि पडद्याची सूज मात्र परत येऊ शकते. आत्याच्या बाबतीत आम्ही शेवटच्या भेटीच्या दिवशीच, केंद्राच्या दारातून बाहेर पडण्याआधी, नाशिकच्या नेहमीच्या डॉक्टरांची पुढच्या महिन्याची तारीख फोनवर घेतली आणि डायरीच्या नव्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिली.